भास होतो, ठोकून देतात

मराठीत भास कुणी करत नाही, तो होतो. चकवा लागतो, भूत दिसतं, भास होतो; माणूस बिचारा 'मला' म्हणत कडेला उभा. शास्त्रकार मंडळींना हा ढिलेपणा खपत नाही. दोरीचा साप दिसला तर तो भ्रम, आणि दोरीसुद्धा नसताना दिसला तर 'निर्वस्तुभ्रम'! शब्द अचूक आहे, पण केंदूरच्या पारावर तो उच्चारून पाहा; मंडळी तुमच्यावरूनच लिंबू उतरतील. गावाला एकटा 'भास' पुरतो. दोरी होती की नव्हती, ते उजाडल्यावर बघू!

मात्र या शब्दाला दोन तोंडं आहेत. 'मला भास झाला असेल' ही प्रामाणिक शंका. 'तुला भास झाला' हा एकदम निकाल. रानातून सांजच्याला परतलेली एखादी म्हातारी म्हणते, "आरं, बांधावर वाघ हाय!" घरातून उत्तर येतं, "आज्जे, भास झाला आसंल. कुत्रं आसंल." वाघ म्हणजे बिबट्या. आणि याच शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला, २०२५ साली बिबट्याच्या हल्ल्यांत लहान पोरं गेली. अशा मुलखात हा निकाल जपून द्यावा.

त्यात आता यंत्रं आली. केंब्रिजच्या शब्दकोशानं २०२३ सालचा शब्द म्हणून 'हॅल्युसिनेट' निवडला, कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसलेल्या गोष्टी बेधडक सांगू लागली होती. त्याचं मराठी करताना 'यंत्राला भास होतो' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण अहो, भास व्हायला आधी डोळे लागतात, आणि मागाहून 'खरंच होतं का ते?' असं मनाशी चरकावं लागतं. यंत्र कुठलं चरकतंय! हटकलं की नम्रपणे माफी मागतं आणि लगेच दुसरं काहीतरी सांगतं. याला थापही म्हणवत नाही. थापाड्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. खऱ्याखोट्याची फिकीर न करता, न अडखळता बोलण्याला आपल्याकडे 'ठोकून देणं' म्हणतात. तयार शब्द आहे, वापरा की!

नाहीतर व्हायचं काय, यंत्रानं रचलेला बिबट्या मोबाईलवर दिसला की सगळी आळी कड्या लावून बसणार, आणि डोळ्यांनी पाहून आलेल्या म्हातारीला मात्र 'भास झाला' म्हणणार. त्या चित्राला खुशाल 'ठोकून दिलंय' म्हणावं. म्हातारीला काहीच म्हणू नये. पोरांना आत घ्यावं, आणि उजाडल्यावर चारजणांनी बांधावर जाऊन ठसे बघावेत.