घरचे मूकपट

जुनी वस्तु पुन्हां प्रचारांत येते तेव्हां तिचा कोणता अंश परत आला आणि कोणता मागेंच राहिला, याचा विवेक करणें हें टीकेचें काम आहे. घरगुती चलच्चित्रांविषयीं असा विवेक करण्याची वेळ आतां आली आहे. खिशांतील मोबाइल हवीं तितकीं हलतीं चित्रें विनासायास टिपून देत असतां, युरोप-अमेरिकेंतील पुष्कळ तरुण मंडळी आजोबांच्या कपाटांतील आठ मिलिमीटरचा कॅमेरा शोधून काढीत आहेत. आणि ज्यांना तो मिळत नाहीं ते आपल्या स्वच्छ चित्रांवर यंत्राकडून जुनेपणाचा मुलामा चढवून घेत आहेत. या आवडीला निव्वळ खूळ म्हणून झिडकारणें सोपें आहे. पण तसें केल्यास तिच्या मुळाशीं असलेली खरी भूक आपल्या नजरेंतून सुटेल.

प्रथम थोडा इतिहास. कोडॅक कंपनीनें १९२३ सालीं सोळा मिलिमीटर रुंदीची फिल्म हौशी लोकांसाठीं बाजारांत आणली आणि चलच्चित्र घेणें हा धंदेवाइकांचा मक्ता राहिला नाहीं. १९३२ सालीं आठ मिलिमीटरची स्वस्त फिल्म आली, व १९६५ सालीं ‘सुपर ८’ ही तिची सुधारलेली आवृत्ति निघाली. ती बंद डबींत मिळे. डबी कॅमेऱ्यांत बसविली कीं काम झालें. एका डबींत पन्नास फूट फिल्म असे, व सेकंदास अठरा चित्रें या हिशेबानें ती तीन मिनिटें वीस सेकंदांत संपे. पुढें व्हिडिओ कॅमेऱ्यानें तिला घरांतून हुसकावलें. कोडॅक्रोम ही नांवाजलेली रंगीत फिल्म २००९ सालीं बंद झाली. २०१२ च्या जानेवारींत कंपनीनेंच दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि त्याच कंपनीनें २०१६ सालीं सुपर ८ चा नवा कॅमेरा काढण्याची घोषणा केली. तो प्रत्यक्ष विक्रीस येण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं व त्याची किंमत पांच हजार डॉलरांच्या वर गेली. सामान्य गृहस्थाच्या हौसेसाठीं जन्मास आलेली वस्तु अखेर श्रीमंतीचें लक्षण होऊन बसली.

या पुनरागमनाचे चाहते दोन प्रकारचे आहेत. पहिल्यांना हवें असतें तें फिल्मचें रूप: ओरखडे, उडालेले रंग, कडेनें आंत शिरलेला तांबूस उजेड. परंतु यांपैकीं बहुतेक गोष्टी हे फिल्मचे गुण नव्हत. ते तिचे भोग आहेत. ओरखडे पडले ते तीच फीत वर्षानुवर्षें प्रोजेक्टरांतून फिरल्यामुळें, आणि रंग उडाले ते काळ लोटल्यामुळें. काल सकाळीं घेतलेल्या चित्रावर हे भोग उमटविणें म्हणजे सुरकुत्या रंगवून वार्धक्याचें शहाणपण मिळवूं पाहण्यासारखें आहे.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें अधिक विचारार्ह आहे. तो म्हणतो, फिल्म महाग आणि मोजकी असल्यामुळें माणसाला निवड करावी लागे. तीन मिनिटांत काय साठवावें याचा विचार करितां करितां तो खरोखर पाहूं लागे. आज आपण हजारों चित्रें घेतों आणि एकही पुन्हां पाहत नाहीं. यांत तथ्य आहे, हें कोणीही प्रामाणिक मनुष्य कबूल करील. परंतु ही निवड कोण करीत असे, हा प्रश्न हा पक्ष सहसा विचारीत नाहीं. कॅमेरा बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातीं असे. वाढदिवस, नाताळ, समुद्रकिनारा, सहल यांना त्याच्या फितींत जागा मिळाली. आजारपण, कर्ज आणि नवराबायकोंचा अबोला यांना मिळाली नाहीं. त्यांतून या फिती बहुतेक मुक्या. तेव्हां त्यांचें खरें पुनरुज्जीवन त्यांच्या रंगांत नाहीं आणि त्यांच्या काटकसरींतही नाहीं. हें माणूस कोण, हें ठिकाण कोणतें, आणि त्या क्षणीं चित्राच्या चौकटीबाहेर काय चाललें होतें, हें सांगणारें कोणी तरी त्या फितीशेजारीं येऊन बसतें तेव्हांच ती जिवंत होते. अलीकडचे दोन चित्रपट या कसोटीस लावून पाहण्याजोगे आहेत.

पहिला, फ्रेंच लेखिका आनी एर्नो यांनीं आपले चिरंजीव डाविड यांच्यासह केलेला ‘सुपर ८ चीं वर्षें’ या अर्थाच्या नांवाचा तासाभराचा चित्रपट. तो २०२२ च्या मे महिन्यांत कान येथें प्रथम दाखविला गेला. त्याच वर्षीं एर्नोबाईंना साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांतील सर्व चित्रें त्यांचे तेव्हांचे पति फिलिप यांनीं १९७२ ते १९८१ या काळांत घेतलेलीं आहेत. आयेंदे यांच्या राजवटींतील चिली, १९७५ मधील आल्बानिया, १९८१ मधील सोव्हिएट रशिया असे प्रवास त्यांत आहेत. आणि घर, मुलें, नाताळ, बाईंची आई हींही आहेत. पुढें हें दांपत्य विभक्त झालें तेव्हां पतीनें कॅमेरा बरोबर नेला व फिती मागें ठेविल्या. ज्या बाईनें त्या फितींतून नुसतें दिसावयाचें होतें, तिनें पन्नास वर्षांनीं त्यांना वाणी दिली.

या चित्रपटाचें मर्म याच विपर्यासांत आहे. पडद्यावर आपणांस एक तरुण, कांहींशी अवघडलेली गृहिणी दिसते. निवेदनाचा आवाज आपल्याला सांगतो कीं, ही गृहिणी त्याच दिवसांत घरच्यांपासून लपवून आपली पहिली कादंबरी लिहीत होती. ती कादंबरी १९७४ सालीं प्रसिद्ध झाली. कॅमेऱ्यानें घरांतील सामान टिपलें, मुलांच्या उड्या टिपल्या. पण त्या घरांत घडत असलेली सर्वांत मोठी गोष्ट त्याला दिसलीच नाहीं. शब्द नसते तर हें चित्र एका सुखी कुटुंबाचा खोटा दाखला होऊन राहिलें असतें. दोष सांगावयाचा तर इतकाच कीं, प्रवासाच्या भागांत निवेदन फार बोलतें. चिलीसारख्या ठिकाणीं पुढें काय अनर्थ होणार हें प्रेक्षकाला ठाऊक असतें; तेथें चित्राला क्षणभर एकटें सोडलें असतें तर तें अधिक हृदयस्पर्शी झालें असतें. परंतु घरांतील प्रसंगांत शब्द आणि चित्र यांचा जो झगडा चालतो, तो विसरण्याजोगा नाहीं.

एर्नोबाईंच्या फितींना त्यांतीलच एक व्यक्ति बोलावयास मिळाली. जेथें बोलणारें कोणी उरलेंच नाहीं, तेथें काय करावें? दुसरा चित्रपट या प्रश्नाचें उत्तर शोधतो. ‘तीन मिनिटें: एक विस्तार’ अशा अर्थाच्या नांवाचा हा चित्रपट डच लेखिका बियांका स्टिग्टर यांचा असून तो २०२१ सालीं व्हेनिस येथें प्रथम दाखविला गेला. अमेरिकेंत स्थायिक झालेले डेव्हिड कुर्ट्झ हे गृहस्थ १९३८ च्या उन्हाळ्यांत युरोपच्या सफरीवर असतां पोलंडमधील नाशेल्स्क या आपल्या जन्मगांवीं गेले व तेथें त्यांनीं तीनएक मिनिटांचें चित्रीकरण केलें. कॅमेरा पाहून मुलें पुढें घुसतात, एकमेकांना ढकलतात. प्रार्थनामंदिरांतून लोक बाहेर पडतात. बस्स, एवढेंच. त्या गांवीं सुमारें तीन हजार यहुदी राहत होते. १९३९ च्या डिसेंबरांत जर्मनांनीं त्यांना तेथून हांकून नेलें, आणि युद्धाच्या अखेरीस त्यांतील शंभरही जण जिवंत उरले नाहींत. २००९ सालीं कुर्ट्झ यांच्या नातवाला, ग्लेन यांना, ती खराब होत चाललेली फीत आईबापांच्या घरीं सांपडली. वॉशिंग्टन येथील संग्रहालयानें ती दुरुस्त करविली.

स्टिग्टरबाईंनीं सबंध चित्रपटांत जवळजवळ दुसरें चित्रच वापरलेलें नाहीं. तींच तीन मिनिटें त्या थांबवितात, मोठीं करितात, पुन्हां दाखवितात. दुकानावरच्या पुसट पाटीचीं अक्षरें लावलीं जातात. झाडाची जात ओळखली जाते. आणि शेवटीं दीडशेहून अधिक चेहरे एक एक करून वेगळे काढले जातात. त्यांतील फारच थोड्यांचीं नांवें कळलीं आहेत. एका वृद्धाच्या नातीनें ही फीत संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहिली आणि गर्दींतील तेरा वर्षांच्या मुलांत आपल्या आजोबांना ओळखलें. त्या आजोबांनीं मग इतर कांहींजणांचीं नांवें सांगितलीं. क्वचित् ठिकाणीं हा शोध प्रयोगशाळेंतील तपासणीसारखा कोरडा वाटतो. पण तो कोरडेपणा मला अश्रु ढाळणाऱ्या संगीतापेक्षां अधिक सभ्य वाटतो.

येथें नव्या युगावरील एक आरोप खोटा ठरतो. फीत अंकांत रूपांतरित झाली म्हणूनच ती थांबवितां आली, मोठी करितां आली आणि दूरवरच्या एका नातीच्या डोळ्यांपुढें गेली. नवें यंत्र जुन्या फिल्मचें वैरी नाहीं. तिचें सोंग आणण्यापेक्षां तिची सेवा करण्याकडे त्याचा उपयोग व्हावा, एवढेंच म्हणणें आहे.

हा विचार आपल्यापासून फार दूरचा नाहीं. ब्रिटिश अमदानींत हिंदुस्थानांत राहिलेल्या इंग्रज कुटुंबांच्या अशा कित्येक फिती केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक केंद्रांत जतन केलेल्या आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा कोणालाही घरबसल्या पाहतां येतात. त्या काळच्या असल्या फितींत साहेबाचें नांव व हुद्दा कळतो. पण त्याचें मूल कडेवर घेऊन उभी असलेल्या आयेचें नांव सहसा कळत नाहीं. ती हलते, हंसते, आणि अनामिकच राहते. तिला ओळखणारें कोणी आतां भेटणें कठीण आहे.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत आठ मिलिमीटरचा कॅमेरा क्वचितच आला. पण लग्नमुंजींच्या व्हिडिओ कॅसेटी आल्या, आणि त्या आज कपाटांत बुरशी धरून पडल्या आहेत. परदेशांतील कांहीं चित्रपट-संग्रहपालांनीं २००२ सालापासून घरगुती चित्रांचा एक दिवस पाळण्याची प्रथा पाडली आहे. त्या दिवशीं लोक आपापल्या फिती घेऊन येतात, त्या सर्वांसमक्ष दाखवितात, व पाहतां पाहतां त्यांविषयीं बोलतात. या प्रथेंतील खरें मोल बोलण्याचें आहे. फीत दुरुस्त करणारा कारागीर उद्यांही मिळेल. पण मांडवाच्या कोपऱ्यांत उभी असलेली ती नऊवारींतील बाई कोण, हें सांगणारी आत्या उद्यां असेलच असें नाहीं. तिला आजच पडद्यासमोर बसवावें आणि ती सांगेल तें लिहून घ्यावें.