भस्त्रिका संपते तिथून पुढे

२१ जून २०२३ रोजी योग दिनाचा राष्ट्रीय सोहळा जबलपूरच्या गॅरिसन मैदानावर झाला. उपराष्ट्रपती आले, चटया अंथरल्या गेल्या, हजारो हात एकदम वर गेले आणि एकदम खाली आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कवायत ही कवायत म्हणून चांगलीच असते. तक्रार आहे ती गेल्या काही वर्षांत शहरोशहरी बोकाळलेल्या श्वासवर्गांबद्दल. जोरजोरात श्वास घ्या, शरीरात ऑक्सिजन भरा, प्राणशक्ती जागी करा, असा त्यांचा मंत्र. हातापायांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं की शिक्षक विजयी मुद्रेने सांगतो, बघा, ऊर्जा वाहू लागली.

वाहू लागलेलं काही नसतं. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासातही ९५ ते १०० टक्के ऑक्सिजनने भरलेलंच असतं. भरलेल्या हंड्यात आणखी ओतणार काय? भराभर श्वास घेतल्याने घटतो तो कार्बन डायऑक्साइड. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना झिणझिण्या येतात, गरगरतं. श्वास घेण्याची निकडही मुख्यतः याच वायूमुळे जाणवते, म्हणून तो उणा झाल्यावर दम बराच वेळ रोखता येतो आणि साधकाला सिद्धी मिळाल्यासारखं वाटतं. हाच प्रकार करून कोणी पाण्यात बुडी मारली तर दम लागायच्या आत शुद्ध हरपू शकते. नर्मदाकाठी शिबिरं भरवणाऱ्यांनी एवढं तरी वाचलेलं असावं.

या भराभर श्वासाचा आधुनिक वंशवृक्ष जबलपूरकरांनी नाकारण्यात अर्थ नाही. रजनीश इथेच शिकले, इथेच तत्त्वज्ञान शिकवत होते. भंवरताल बागेतल्या मौलश्रीच्या झाडाखाली १९५३ साली आपल्याला बोध झाला असं ते सांगत. १९७० मध्ये मुंबईत त्यांनी सक्रिय ध्यान मांडलं. पहिली दहा मिनिटं बेबंद श्वास, मग रडणं-ओरडणं, मग ‘हू’चा गजर. पण चौथ्या टप्प्यात त्यांनी सगळं एकदम थांबवायला सांगितलं होतं, जसे असाल तसे, पंधरा मिनिटं. म्हणजे ओघ अडवल्याशिवाय काही हाती लागत नाही, हे त्या माणसाला कळत होतं. त्यांच्या नकलाकारांनी पहिला टप्पा घेतला, दुसरा घेतला आणि थांबणं टाकून दिलं. थांबण्याची जाहिरात करता येत नाही ना!

त्याच १९७० साली लोणावळ्याच्या कैवल्यधाम योगसंस्थेने स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादित केलेली ‘हठप्रदीपिका’, हठयोगाची जुनी पोथी, प्रसिद्ध केली. एका बाजूला मुंबईत श्वासाचा धुमाकूळ, दुसऱ्या बाजूला घाटमाथ्यावर पाठभेद तपासणारे दोघे. गेल्या शंभर वर्षांत या कलेचं जे काही भलं झालं, ते दुसऱ्या बाजूकडून झालं असं माझं ठाम मत आहे.

त्या परंपरेच्या मुळाशी आहेत जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांचे गुरू माधवदास हे मालसरचे, आपल्याच नर्मदेच्या खालच्या अंगाला, गुजरातेत. गुरूकडून मिळालेल्या क्रिया शिष्याने देव्हाऱ्यात ठेवल्या नाहीत. १९२० च्या दशकात बडोद्यात त्याने उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया क्ष-किरणांखाली धरल्या, पोटातला दाब मोजला, नौलीत आतड्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो हे दाखवलं. बस्तीत, म्हणजे आतडं धुण्याच्या क्रियेत, पाणी पिचकारीशिवाय वर का चढतं, याचा उलगडा त्यात होता. त्या निर्वाताला त्याने गुरूचं नाव दिलं. १९२४ साली कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ निघू लागली. पुढे याच नियतकालिकात प्राणायामातल्या ऑक्सिजनची मोजणी आली. ती सांगत होती की प्राणायामाने शरीरात जास्त ऑक्सिजन जातो ही समजूत चूक. त्याचं मोल दाबातल्या बदलांत आणि मज्जासंस्थेच्या शिस्तीत आहे. योगाच्या बाजूचा माणूस, योगाच्या बाजूने बोलायला सोयीचा दावा, आणि त्याने तो स्वतःच खोडला! कित्येक दशकं लोटली, तरी दावा अजून फलकांवर झळकतोच आहे.

बाकीच्यांची दखल थोडक्यात घेतो. महेश योगींचं जबलपूरशी जुनं नातं, पण त्यांच्या पद्धतीत मंत्र आहे, श्वास नाही. अय्यंगारांचं ‘लाइट ऑन प्राणायाम’ १९८१ चं, काटेकोर. त्यांचे चाहते मात्र आसनांच्या दोऱ्या-पट्ट्यांतून सुटून तिथवर पोचत नाहीत. टीव्हीवरची कपालभाती हा प्राणायामच नव्हे, हठप्रदीपिकेने तिला धौती-बस्तीच्या पंगतीत, षट्कर्मांत म्हणजे शुद्धिक्रियांत, बसवलं आहे. आणि भेडाघाटचं चौसष्ट योगिनी मंदिर दाखवून जबलपूरला हठयोगाचं माहेर म्हणणाऱ्या वाटाड्यांना एवढंच सांगायचं, की कलचुरींची योगिनीपूजा वेगळी आणि हठयोग वेगळा.

आता मुद्द्याचं. हठप्रदीपिका आठ प्रकार सांगते, सूर्यभेदनापासून प्लाविनीपर्यंत, आणि त्या आठांना ती कुंभक, म्हणजे दम रोखणं, म्हणते. पतंजलींच्या व्याख्येतही श्वास-उच्छ्वासाची गती तुटणं हेच येतं. भस्त्रिका त्या आठांतली एक खरी. पण तिथे भात्यासारखा श्वास भराभर चालवून थकवा आला की उजव्या नाकपुडीने पूरक म्हणजे श्वास आत, मग कुंभक, मग डावीने रेचक म्हणजे श्वास बाहेर, असा विधी आहे. भाता ही नुसती तयारी. आजचे वर्ग फोडणी तडतडवून, घरभर वास सुटला की भाजी न घालताच कढई उतरवतात आणि जेवण झालं म्हणून सांगतात.

आधुनिक प्रयोगांचा कौलही सावकाश श्वासाकडेच झुकतो. २००१ मध्ये इटलीच्या बर्नार्दींनी दाखवलं की जपमाळेची प्रार्थना असो की योगातला मंत्र, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारते. २००२ मध्ये स्वीडनमध्ये आढळलं की गुणगुणत सोडलेल्या श्वासात नाकातला नायट्रिक ऑक्साइड पंधरापट वाढतो. गुणगुणतच श्वास सोडणाऱ्या भ्रामरीवाल्यांनी खुशाल छाती फुगवावी.

मग प्राणाचं काय? मराठी माणसाला तो ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात भेटलेला असतो. तिथे ज्ञानेश्वर, नाथांचा वारसदार, कुंडलिनी जागल्यावर देहाचं काय काय होतं ते सांगतात. व्होल्टेज सांगत नाहीत. प्राण खाली, अपान वर, दोघांची नाभीपाशी गाठ, ही भाषा साधकाला कुठे आवळायचं, कुठे सोडायचं, हनुवटी केव्हा टेकवायची ते शिकवते. मूलबंध, उड्डियान, जालंधर हे सगळं त्या नकाशावर चालतं. नकाशा खरा की खोटा हे चालून ठरतं. यंत्राने प्राण मोजू पाहणारा आणि प्राण बाटलीत भरून विकू पाहणारा, दोघेही नकाशालाच जमीन समजतात. कुवलयानंदांनी दाब मोजला, वायू मोजला. प्राण मोजल्याचा डांगोरा पिटला नाही. हा संयम मला त्यांच्या क्ष-किरणांहून मोठा वाटतो.

कुंभकाच्या या आग्रहावर ठरलेलं उत्तर येतं: तो धोक्याचा, सर्वांना कसा शिकवणार? नका शिकवू. हठयोगाने मैदान भरवण्याचं वचन कधी दिलं होतं? रक्तदाबाच्या, हृदयविकाराच्या माणसाने, गरोदर बाईने त्या वाटेला जाऊ नयेच. पण धोक्याची एवढी काळजी असलेले हेच लोक पहिल्याच दिवशी, कोणाची प्रकृती न विचारता, साठ जणांना एकदम भाता चालवायला लावतात. श्वास हिंस्र जनावरासारखा हळूहळू माणसाळवावा, नाहीतर तो साधकालाच मारतो, हा इशारा हठप्रदीपिकाकार स्वात्मारामांनी दिला तेव्हा शिबिरं नव्हती; आज तो त्यांच्या दारावर लावायला हवा. ज्याला वर्षभरात एक उज्जायी धडपणे बसवता येत नाही, त्याने उरलेल्या सात प्रकारांचं प्रमाणपत्र वाटू नये. आणि जो ऑक्सिजनचं नाव घेतो, त्याने आधी ‘योगमीमांसे’तली मोजणी चुकीची ठरवून दाखवावी. तोवर त्याने फी भात्याची घ्यावी, प्राणाची नाही.