किप्लिंग बंगला : पाटी आणि प्रमाण

पोथीच्या शेवटीं पुष्पिका दिसली म्हणजे नवखा संग्राहक आनंदून जातो. जाणता मात्र ती मूळ हाताची कीं मागाहून जोडलेली, हें प्रथम पाहतो. कालिदासाच्या नांवावर चढविलेलीं कितीतरी काव्यें अशाच परीक्षेनें त्याच्यापासून वेगळीं करावीं लागलीं. वास्तूवरील पाटी ही देखील एक प्रकारची पुष्पिकाच होय. परंतु पोथीची कसोटी आपण पाटीस लावीत नाहीं. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या आवारांतील ‘किप्लिंग बंगला’ हें याचें ठळक उदाहरण असल्यानें त्याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

रडयार्ड किप्लिंग हा येथें ३० डिसेंबर १८६५ रोजीं जन्मला, असें ही पाटी सांगत आली आहे. तिथि बरोबर आहे. त्याचे वडील जॉन लॉकवुड किप्लिंग त्याच वर्षीं स्थापत्यशिल्प शिकविण्यासाठीं या शाळेंत आले व कुटुंब आवारांतच राहत असे, हेंही निर्विवाद. परंतु सांप्रत उभा असलेला बंगला १८८२ सालचा आहे. जन्माचें घर केव्हांच नाहींसें झालें. मुलगा १८७१ सालीं इंग्लंडास गेला, वडील १८७५ सालीं लाहोरास. ज्या वर्षीं हा बंगला उठला, त्याच वर्षीं सोळा वर्षांचा रडयार्ड मुंबईस उतरून लाहोरच्या वृत्तपत्रांत नोकरीस रुजू झाला. मग या छपराखालीं त्याचा जन्म कसा संभवतो?

‘येथें’ म्हणजे या भूमीवर, असें समाधान कोणी सांगतील. शब्दार्थानें तें चालेल. परंतु घरासमोर उभा असलेला मनुष्य ‘येथें’ म्हणजे या घरांत असेंच समजतो, आणि ज्याचें वाचन हटकून चुकतें तो लेख सदोष मानावा लागतो.

ही चूक क्षुल्लक नाहीं. एक पक्ष मोठ्या कवीचें जन्मस्थान म्हणून या बंगल्याचा गौरव करतो. दुसरा, साम्राज्याचें स्तोत्र गाणाऱ्याचें कौतुक आम्हांस कशाला, म्हणून त्याकडे पाठ फिरवितो. दोन्ही पक्षांचा वाद एकाच चुकीच्या पायावर उभा आहे, आणि त्या गलबल्यांत बंगल्याचें स्वतःचें चरित्र कोणी वाचीत नाहीं.

तें चरित्र थोर आहे. कलाशाळा १८५७ ची. तिची मुख्य इमारत १८७८ ची. त्याच १८७८ सालीं जवळच व्हिक्टोरिया टर्मिनसचें काम सुरू होऊन तें १८८७ पर्यंत चाललें, व त्या इमारतीचें कोरीव काम याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचें आहे. युनेस्कोनें २००४ सालीं त्या स्थानकास जागतिक वारशांत गणलें. १८७२ ते १८८५ या काळांत जॉन ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बमनजी यांच्यासारखे त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. त्यांपैकीं पुष्कळ नकला १८८५ सालीं लंडनमध्यें आगींत गेल्या. हा बंगला नेमका त्या उद्योगाच्या भरांत उभा राहिला, व पुढें पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या प्रमुखांचें निवासस्थान झाला. दगड व लांकूड यांची ही वास्तु आमच्या मतें त्या काळाचें अस्सल पत्र आहे. तिला उसन्या सहीची गरज नाहीं.

ज्यांस किप्लिंग घराण्याचें प्रत्यक्ष कर्तृत्व पाहावयाचें असेल, त्यांनीं थोडें चालून क्रॉफर्ड बाजारापर्यंत, म्हणजे आजच्या महात्मा ज्योतिबा फुले मंडईपर्यंत, जावें. तेथील प्रवेशद्वारावरील उठावशिल्पें लॉकवुड यांचीं आहेत. तो पुरावा दगडांत आहे, ऐकीव नव्हे.

पाटी उखडावी, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. साक्षेपी संपादक खोटी पुष्पिका खरवडून काढीत नाहीं. ती तशीच ठेवून खालीं टीप देतो, कारण चूक कशी झाली हाही इतिहासच. तसेंच येथें व्हावें. जुन्या पाटीखालीं दुसरी लावावी : ‘किप्लिंग याचा जन्म या आवारांत १८६५ सालीं झाला, हें घर १८८२ सालीं बांधलें गेलें व शाळेचे प्रमुख येथें राहत.’ एवढ्या दोन ओळींनीं कवीचें कांहीं उणें होणार नाहीं, आणि घरास त्याचें हक्काचें वय परत मिळेल.