साथीच्या मराठी लेखनातील स्त्री : भिवंडीच्या संदर्भात

१८९७ च्या पुण्यातील प्लेगविषयी मराठीत विपुल लिहिले गेले. परंतु त्या लेखनात स्त्री येते ती प्रायः घराण्याची अब्रू म्हणून. गोऱ्या शिपायांनी माजघरात शिरावे, बायकांची उघड्यावर तपासणी व्हावी, ह्याविषयीचा संताप यथार्थच होता. तथापि ज्यांची विटंबना झाली त्यांच्या तोंडून तो क्वचितच ऐकू येतो. पंडिता रमाबाईंचे पत्र हा ह्याला ठळक अपवाद होय. त्याच वर्षी ‘बॉम्बे गार्डियन’ ह्या इंग्रजी पत्रात प्रसिद्ध झालेल्या ह्या मजकुरात त्यांनी पुण्याच्या प्लेग-रुग्णालयात व छावणीत तरुण मुलींना संरक्षण नसल्याचा आरोप केला. पत्राचा विषय कुळाची प्रतिष्ठा नव्हे, रुग्णाईत मुलगी हा आहे. सरकारने आरोप फेटाळला. गोखल्यांनी विलायतेत केलेल्या विधानांना ह्या पत्राचा आधार दाखविला. पण परतल्यावर पुरावा हाती न लागल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ह्या माफीची चर्चा बहुधा गोखल्यांच्या सचोटीच्या अथवा दौर्बल्याच्या अंगाने होते. स्त्रीची साक्ष पुराव्याच्या व्याख्येतच का बसली नाही, हा प्रश्न तीत बाजूस पडतो. रमाबाई ख्रिस्ती होत्या आणि शारदासदनाच्या वादापासून ‘केसरी’चा त्यांच्यावर रोष होता, हेही येथे विसरून चालणार नाही.

१८९७ सालचाच साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा लागू झाला, आणि परका कोण ह्याची यादीही नव्याने तयार झाली. एप्रिल २०२० मध्ये सांताक्रूझ येथे एका मणिपुरी तरुणीवर एक इसम थुंकून पळाला. ईशान्य भारतीयांचा चेहरा चिनी ठरवून त्यांना रोगाचे वाहक मानण्याचे प्रकार त्या दिवसांत इतरत्रही घडत होते. दिल्लीच्या तबलिगी मेळाव्याचे निमित्त होऊन तोच आळ मुसलमानांवर आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले व त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता दिसते, असे मत नोंदविले. परंतु वृत्तपत्री भाषेचे काम तोवर होऊन गेले होते.

भिवंडी हे मुसलमानबहुल आणि परप्रांतीय मजुरांचे शहर. म्हणजे दोन्ही आळ एकाच ठिकाणी. टाळेबंदीत यंत्रमाग थांबले. वृत्तपत्रांनी महामार्गाने पायी निघालेला मजूर रंगविला, मे महिन्याच्या आरंभी गोरखपूरकडे सुटलेली श्रमिक गाडी रंगविली. हे चित्र खोटे नाही. पण त्यातील मजूर पुरुष आहे. मागावरची बारा तासांची पाळी पुरुष करतो, हे खरे. बाण्याच्या सुताच्या कांड्या भरण्याचे काम मात्र बरेचसे बायकांकडे असते, आणि मजुरी भरलेल्या मालाच्या हिशेबाने मिळते. मागच थांबल्यावर कांडी कोणाला हवी? हजेरीपटावर जिचे नावच नाही, ती काम गेलेल्यांच्या गणतीत तरी कशी यावी? हिच्यावर आळ मात्र समाजाच्या आणि प्रांताच्या नावाने पुरेपूर येतो. पुण्याच्या स्त्रीला निदान अब्रू म्हणून तरी लेखनात जागा होती. इथे तेवढीही नाही.

त्याच वर्षी भिवंडीच्या शांतीनगरातील मक्का मशिदीत प्राणवायूची सोय असलेले उपचारकेंद्र उघडले गेले. बातमी कौतुकाने छापली गेली, आणि ते योग्यच झाले. परंतु तिचे वाचन झाले ते समाजावरील डाग धुणारा दाखला म्हणून. म्हणजे हिशेब पुन्हा अब्रूचाच.

ह्या वृत्तान्तांमध्ये कांडी भरणारी बाई शोधू जाता हाती फारसे लागत नाही. तिची साक्ष मिळालीच तर ती बहुधा उर्दूत, भोजपुरीत अथवा तेलुगूत असणार. आणि साथीच्या लेखनाचा मराठीतील अभ्यास अद्याप छापील मराठी मजकुरापाशीच थांबतो.