दगडाखालची वही

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे एक उघडेबोडके, वाऱ्याचे माळरान आहे. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या हौशी माणसांना या माळाच्या पार आतल्या भागात, क्रॅनमिअर पूल नावाच्या जागी घेऊन जात असे. १८५४ साली त्याने तिथे एक बाटली ठेवली. जो कुणी इथवर पोहोचेल त्याने आपल्या नावाचे कार्ड तिच्यात टाकावे, एवढीच त्याची अपेक्षा. ‘लेटरबॉक्सिंग’ या छंदाचे मूळ या बाटलीत आहे, आणि मला वाटते आपणही थोडा वेळ या बाटलीपाशीच रेंगाळावे. ताम्हिणीच्या पावसात ज्यांनी खिशातल्या कागदांचा लगदा झालेला पाहिला आहे, त्या आपल्या मुळशीकरांना पेरटची निवड लगेच पटेल. डार्टमूरवरही पाऊस आणि धुके यांचेच राज्य. तिथे कागद टिकायचा तर काचेआडच. पण त्या काचेचा दुसराही एक गुण आहे. दमूनभागून पोहोचलेल्या माणसाला बूच काढण्याआधीच आतली कार्डे दिसत असणार, आणि या निर्मनुष्य जागी आपल्याआधी कुणीतरी येऊन गेले आहे, हे नाव वाचण्याच्याही आधी कळत असणार.

आता ती जागा पाहू. क्रॅनमिअर पूल म्हणायला तळे, पण त्यात तळ्यापुरते पाणी नाही. शेवाळ आणि गवत शतकानुशतके कुजून झालेल्या काळ्या, भुसभुशीत दलदलमातीतला तो एक खोलगट खळगा. ओकहॅम्प्टन गावच्या एका जुन्या नगराध्यक्षाचा आत्मा इथे बांधून घातला होता, अशी लोककथा आहे. हे तळे चाळणीने उपसून काढ, म्हणजे सुटशील, अशी त्याला शिक्षा. आपल्याकडे चाळणीत पाणी भरणे म्हणजे निष्फळतेची परिसीमा. पण या पठ्ठ्याने माळावरच्या मेंढीचे कातडे चाळणीला आतून लावले आणि तळे कोरडे केले! मला या कथेची गोडी अशी वाटते, की जिथे पाहण्यासारखे म्हणून काही उरलेच नाही, नेमक्या त्याच जागी माणसे इतक्या ओढीने जात राहिली. शिखर नाही, देऊळ नाही, धबधबा नाही. आहे ती फक्त पोहोचल्याची खूण. चालण्याचे सुख चालण्यातच आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण त्यासाठी इतके रिकामे गंतव्य निवडणारे विरळा.

बाटलीच्या जागी १८८८ मध्ये पत्र्याची पेटी आली, १९०५ मध्ये अभ्यागतांची वही आली, आणि १९३७ मध्ये ‘वेस्टर्न मॉर्निंग न्यूज’च्या वाचकांच्या वर्गणीतून पक्के दगडी घरटे उभे राहिले. या सगळ्या प्रवासात एक चाल अशी पडली, की तिच्यावर मी अक्षरशः लुब्ध आहे. पोहोचणाऱ्याने स्वतःचाच पत्ता घातलेले, तिकीट लावलेले कार्ड पेटीत ठेवायचे, आणि आधीच्या माणसाने ठेवलेले कार्ड उचलून, माळ उतरल्यावर टपालात टाकायचे. ‘लेटरबॉक्स’ हे नाव या छंदाला शोभते ते यामुळेच. पण या रीतीत किती नाजूक गोष्टी दडल्या आहेत पाहा. आपण ठेवलेले कार्ड घरी कधी येईल, हे टपालखात्याच्या हाती नाही. आपल्यामागून तिथे दुसरा माणूस कधी पोहोचेल, यावर ते अवलंबून. उद्याच कुणी गेला तर चार दिवसांत कार्ड दारात. पुढे धुके, हिमवर्षाव, दलदल आडवी आली, तर कित्येक आठवडे वाट पाहायची. म्हणजे घरी बसून आपण मोजत असतो ते त्या जागेचे एकटेपण. शिवाय आपले कार्ड पोहोचवणाऱ्याचा चेहरा आपण कधीच पाहणार नाही, आणि आपण ज्याचे कार्ड खिशात घालून उतरलो, तोही आपल्याला पाहणार नाही. परक्याने परक्याचे काम करावे, त्याबद्दल आभार मानायलाही कुणी समोर असू नये, आणि तरीही ते काम वर्षानुवर्षे होत राहावे, हा व्यवहार मला फार देखणा वाटतो.

क्रॅनमिअरची एक पेटी पुढे एकटी राहिली नाही. १९७०च्या दशकापर्यंत अशा पेट्या मोजक्याच होत्या. नंतर मात्र त्यांची संख्या हजारांवर गेली. आता पेटी कुठे आहे हे सरळ सांगत नाहीत. त्यासाठी असतो संकेत. एका टेकडीचा माथा होकायंत्रावर अमुक अंशावर, एकाकी झाड तमुक अंशावर, आणि टोकदार खडकापासून वीस पावलांवर, त्रिकोणी दगडाखाली, अशी त्याची घडण. असा संकेत हाती असलेला माणूस माळाकडे पाहतो कसा, ते डोळ्यांसमोर आणावे. एरवी त्याने ‘वा, काय देखावा!’ म्हणून नजर फिरवली असती. आता तो एकेक खडक पारखतो. हा टोकदार म्हणावा का? तो जवळचा त्रिकोणी, की त्याच्या पलीकडचा? डार्टमूरचा ग्रॅनाइट सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा. वारा-पावसाने झिजून, आडव्या-उभ्या भेगा पडून, टेकड्यांच्या माथ्यांवर त्याच्या थप्प्या उरल्या आहेत. तिथे त्यांना ‘टॉर’ म्हणतात. या थप्प्यांच्या सांदीकपारी जणू वही लपवायलाच घडल्या आहेत. आपला काळा बसाल्ट वयाने बराच धाकटा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि त्याचा स्वभावही निराळा. तैलबैलाच्या त्या दोन प्रचंड भिंती आठवा: सांद कमी, कातळ सलग, नजर थेट वर जाते. डार्टमूरमध्ये मात्र नजर गुडघ्यापाशी आणावी लागते.

आणि मग दगड सरकतो. आत घट्ट झाकणाचा डबा. डब्यात रबरी शिक्का, शाईचा पॅड आणि वही. शिक्का उचलून आपण आपल्या वहीत उमटवायचा, आपला स्वतःचा शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा, तारीख लिहायची, आणि सारे होते तसे ठेवून दगड पुन्हा लोटायचा. नेले काहीच नाही, तरी घेऊन निघालो. आपल्या गडांच्या दरवाजांवर, टाक्यांच्या कडेला, लेण्यांच्या भिंतींवर रंगाने आणि कोळशाने लिहिलेली नावे पाहिली की माझा जीव कळवळतो. ‘मी इथे आलो होतो’ ही ऊर्मी मुळात वाईट नाही, तिला ठेवायला वही तेवढी हवी. डार्टमूरचा दंडक याबाबत कडक आहे: पेटीसाठी खणायचे नाही, सिमेंट लावायचे नाही, पुराणवास्तूंना हात लावायचा नाही.

वहीत खूण ठेवण्याची ही रीत आपल्याला तशी अनोळखी नाही. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी गेलेल्या कुटुंबाला तीर्थोपाध्याय नामावळीची जुनी चोपडी उघडून दाखवतात. गाव, कूळ, आडनाव सांगितले की पाने उलटत जातात आणि पणजोबांच्या हातचा मोडीतला मजकूर समोर येतो. त्याखाली आपण आपले नाव लिहितो. तिथे रक्ताची साखळी आहे, इथे केवळ वाटेची. त्या वहीत आपल्या आधीचे नाव कुणाचे असणार, हे ठाऊक असते. डार्टमूरच्या वहीत ते कुणाचेही असू शकते, आणि मला दोन्हींचे वेड आहे.

पुढे हा छंद अटलांटिकपार गेला. १९९८ मध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकातल्या लेखानंतर अमेरिकेत तो झपाट्याने पसरला आणि तिथे हाताने शिक्के कोरण्याची कलाच बहरली. २००० सालापासून उपग्रहाच्या आकड्यांवरून डबे शोधण्याचा जिओकॅशिंगचा खेळ आला; त्यातही मौज आहेच, पण आकडा थेट दगडापाशी नेऊन सोडतो, आणि टोकदार कोणता नि त्रिकोणी कोणता, हा सारा रम्य घोळ वाटेतच संपतो. डार्टमूरवर शंभर पेट्या शोधणाऱ्यांचे मंडळ आहे. संकेतांची सूची त्या शंभरीनंतरच हाती पडते. तोवर तोंडी सांगोवांगी, ओळखीपाळखी आणि दगड उलथण्याचा चिकाटीचा उद्योग.

मुळशीहून कुणी तिकडे जाणार असेल, तर भक्कम बूट, होकायंत्र आणि कोरडे मोजे घ्यावेतच. क्रॅनमिअरच्या परिसरात सैन्याचा गोळीबाराचा सराव चालतो. त्याच्या वेळा आधी पाहाव्यात आणि लाल निशाण वर दिसले तर मुकाट माघारी फिरावे. पण खरी तयारी घरी, टेबलावर, खोडरबर आणि बारीक पाते घेऊन करायची. आपला शिक्का आपण कोरायचा. त्यावर काय असावे? धरणाचे पाणी, कोराईगडाचा तट, की तैलबैलाच्या दोन भिंती आणि मधली खिंड? माझे मत भिंतींना. दोन जाड उभे पट्टे, मध्ये कोरी जागा, शाईत फार सुरेख उठतील. खाली ‘मुळशी’ कोरायचे ते उलटे: आधी ‘शी’, तिची वेलांटी दुसऱ्या बाजूला, मग ‘ळ’चे दोन्ही वेढे आरशातल्यासारखे फिरवून, शेवटी ‘मु’, आणि शिरोरेषा मात्र सलग राखायची. एखादा तुकडा बिघडेल, दुसरा घ्यावा. डेव्हनमधल्या कुणा चालणाऱ्याने आपल्या घोड्या-मेंढ्यांच्या शिक्क्यांशेजारी ही अक्षरे पाहिली, की तो नक्की विचारणार: हा माणूस आला तरी कुठून?