शर्यतीचे हँडल, डोंगरी सायकल

खाली वळलेल्या हँडलची शर्यतीची सायकल आणि सरळ दांड्याची, जाड टायरांची डोंगरी सायकल या दोन वेगळ्या जाती आहेत असे आपण धरून चालतो. आणि एकीची शिंगे दुसरीच्या डोक्यावर बसविलेली दिसली की हसू येते. अमेरिकेत आणि युरोपात आज अनेक हौशी माणसे नेमका हाच उद्योग करीत असतात. १९८५ ते १९९५ च्या सुमाराची एखादी पोलादी डोंगरी सायकल मिळवावयाची, म्हणजे जिच्या पुढच्या चिमट्यात स्प्रिंग वगैरे काही नाही अशी साधी, ताठ सायकल. तिचा सरळ दांडा काढून टाकावयाचा, आणि त्या जागी मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले हँडल बसवावयाचे. कोणी याला छंद म्हणेल, कोणी पैशाची काटकसर म्हणेल. मला तो रूपाचा प्रश्न वाटतो, आणि म्हणूनच सायकलीसारखा विषय घेऊन वाङ्मयाच्या अंकात शिरण्याचे धाडस मी करीत आहे. कथेचे नाटक करताना, नाटकाची कादंबरी करताना जो पेच आमच्यापुढे पडतो, तोच येथे लोखंडात पडलेला आहे. फरक इतकाच की कादंबरीतला बिघाड टीकाकाराला दिसेपर्यंत दहा वर्षे जातात. सायकलीतला बिघाड पहिल्या उतारावर मनगटाला कळतो.

प्रथम या दोन रूपांचे कूळ पाहू. डोंगरी सायकल ही काही कारखान्याच्या कल्पनेतून निघालेली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगण्यात माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरातल्या मातीच्या वाटांवरून १९७० नंतरच्या दशकात काही तरुण मंडळी जुन्यापान्या, फुगीर टायरांच्या श्विन सायकली घेऊन उतरत असत. १९७६ साली तेथे ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली. पुढल्या वर्षी जो ब्रीझ याने खास या कामासाठी चौकट घडविली, आणि १९८१ साली ‘स्टंपजंपर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने निघालेली डोंगरी सायकल बाजारात आली. त्या सायकलींचे हँडल रुंद आणि सरळसर. त्यात मोटरसायकलीचा वारसा उघड दिसतो. माझ्या वर्गातली मुले ज्या जाड टायरांच्या सायकली शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवतात, त्यांच्या हँडलचे मूळही तेथेच आहे, हे त्या मुलांना ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही.

पण गंमत अशी की, याच परगण्यात, अगदी आरंभीच, उलटा विचार करणारा एक माणूस होता. चार्ली कनिंगहॅम याने १९७९ साली ॲल्युमिनियमची डोंगरी सायकल घडविली आणि तिला वळलेले हँडल लावले. जॅकी फेलन ही स्त्री त्याच घडणीच्या सायकलीवर बसून १९८३, १९८४ आणि १९८५ अशी तीन वर्षे अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली. म्हणजे ज्याला आपण आज संकर म्हणतो, तो संकर मुळात जातीइतकाच जुना आहे. जे पुढे रूढ झाले त्याला आपण शुद्ध म्हणतो, आणि जे मागे पडले त्याला विक्षिप्त. वाङ्मयाच्या इतिहासातही दुसरे काय होते?

कनिंगहॅमने वळलेले हँडल नुसते उचलून लावले नाही. त्याने ते वेगळे वाचले. माझ्या मते सगळा मुद्दा येथेच आहे. रस्त्यावरच्या शर्यतीत स्वाराचे हात बहुतेक वेळ वर, ब्रेकच्या मुठींच्या माथ्यावर असतात. खालची वळणे ही वारा कापण्यासाठी, अधूनमधून वापरावयाची जागा. डोंगरी वाटेवर हे चालत नाही. माथ्यावरून ब्रेकला पुरता जोर मिळत नाही, आणि धक्का बसला की हात निसटतो. म्हणून कनिंगहॅमच्या परंपरेत खालचे वळण हीच हातांची मुख्य जागा ठरली. तेथे हात पक्का बसतो, बोटे ब्रेकवर असतात, तळहात एकमेकांकडे पाहतात आणि मनगट मुरगळत नाही. पण खालचे वळण मुख्य करावयाचे तर सगळे हँडलच वर उचलावे लागते. कारण वळणाचा तळ माथ्याच्या दांड्यापासून बारा-चौदा सेंटिमीटर खाली असतो. आणि मनगटे दांड्यावर घासू नयेत म्हणून खालची टोके बाहेर फाकवावी लागतात. हँडल तेच, पण एकात जो तळटीपेचा मजकूर होता तो दुसऱ्यात मुख्य मजकूर झाला, आणि मग पानाची सगळी मांडणी बदलली.

आज जुन्या सायकलींवर जे प्रयोग होतात, त्यांपैकी पुष्कळ फसतात ते हे वाचन न केल्यामुळे. हँडल शर्यतीचे, म्हणून उंचीही शर्यतीची ठेवली जाते. शिवाय त्या काळच्या डोंगरी सायकलींचा वरचा दांडा लांब, आणि हँडल धरणारा स्टेमही बहुधा तेरा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब. सरळ हँडलावर हात स्टेमच्या टोकाच्या रेषेतच राहतात, म्हणून ती लांबी खपून जाते. वळलेल्या हँडलवर ब्रेकच्या मुठीवर हात ठेवला की तो तेथून आठ-दहा सेंटिमीटर आणखी पुढे जातो. मग स्वार एखाद्या मारुतीच्या चित्रासारखा हवेत आडवा होतो, मान आखडते, तळहातांना मुंग्या येतात. आणि दोष दिला जातो तो हँडलला. उपाय साधा आहे : सहा ते आठ सेंटिमीटरचा आखूड आणि उंच स्टेम. त्याच्या खालच्या भागावर एक खूण कोरलेली असते, तिच्यावर तो उपसावयाचा नाही, कारण त्या खुणेखाली धरणारे लोखंड उरत नाही. उंची हवी तर मुळातच उंच घडविलेला स्टेम शोधावा लागतो. तो मिळाला तरी जुन्या तऱ्हेच्या स्टेमचे तोंड उघडत नसल्यामुळे हँडलची सगळी वळणे त्या भोकातून सुईत दोरा ओवावा तशी फिरवून काढावी लागतात.

आता असे नीट जुळविलेले हँडल दिसते कसे? वाईट दिसते. हे मान्य केले पाहिजे. आडवा दांडा, त्याच्या कितीतरी वर मान ताणलेले हँडल, त्यातून खाली लोंबणारी फाकलेली टोके. उंटाची आठवण होते. उलट चुकीचे बसविलेले, खाली दडपलेले हँडल छायाचित्रात फार देखणे दिसते. वरच्या दांड्याची रेषा पुढे वाहत जाऊन हँडलच्या वळणात विरघळते. येथे समीक्षकाची खरी परीक्षा आहे.

बा. सी. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथाने लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे आपल्या टीकेच्या नित्याच्या बोलण्यात आणून ठेवली. ती कलाकृतीसाठी आहेत, सायकलीसाठी नव्हेत. तरी क्षणभर उसनी घेतो. छायाचित्रातल्या दडपलेल्या हँडलमध्ये संवाद पुष्कळ आहे : रेषेला रेषा मिळते. उंच हँडलमध्ये विरोध तेवढा दिसतो, समतोल दिसत नाही. पण तो दिसत नाही याचे कारण असे की, ज्यात तो साधावयाचा तो घटक, म्हणजे बसलेला माणूस, चित्रात नाही. भिंतीला टेकविलेली सायकल ही अपुरी कृती आहे. छापलेली नाट्यसंहिता अपुरी असते तशी. माणूस बसला, त्याची पाठ तिरपी झाली, कोपरे किंचित वाकली, की ती उंच मान आणि तो आखूड स्टेम आपापल्या जागी पडतात, आणि मघाचा उंट नाहीसा होतो. पुण्यात एका स्नेह्यांकडे अशी एक सायकल आहे. तिच्यावर मी तीन-चार वेळा सिंहगडाच्या रस्त्याने गेलो आहे. दीड-दोन तासांच्या त्या प्रवासात हातांना चार निरनिराळ्या जागा मिळतात, ही गोष्ट डोळ्यांना कधीच कळली नसती. ती तळहातांना कळली.

माझे एक टीकाकार मित्र यावर म्हणतात की, उपयोग आणि सौंदर्य यांची मी गल्लत करतो आहे. वस्तू उपयोगी असेल, पण म्हणून सुंदर कशी? मला हा आक्षेप पुरता पटत नाही. हँडल डोळ्यांसाठी घडविलेलेच नाही, ते हातांसाठी घडविले आहे. त्याच्या वळणाचा अर्थ हातालाच लागतो. डोळ्यांनी त्याचा न्याय करणे म्हणजे गाण्याची स्वरलिपी पाहून तिचे अक्षर वळणदार नाही म्हणण्यासारखे आहे.

पण रूप नीट वाचले म्हणजे काम संपले असे नाही; जोडही बसावी लागते. कोकणात हापूसची काडी रायवळच्या खुंटावर बांधताना काडीची आणि खुंटाची जाडी जुळते की नाही ते आधी पाहतात, सालीला साल भिडली पाहिजे म्हणून. सायकलीत ही साल म्हणजे मिलिमीटर. सरळ हँडलची नळी २२.२ मिलिमीटर जाड, वळलेल्याची २३.८, म्हणून डोंगरी सायकलीचे ब्रेकचे आणि गिअरचे खटके नव्या हँडलवर चढतच नाहीत. स्टेमच्या पकडीत बसणारा मधला फुगवटाही कधी २५.४, कधी २६, आणि आजकालच्या हँडलांचा बहुधा ३१.८. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाकडे दुर्लक्ष करून आवळून बसविणारे कारागीर सगळ्याच देशांत असतात.

खोटेपणा सर्वांत आधी पकडला जातो तो ब्रेकमध्ये. त्या काळच्या पोलादी सायकलींना रिमच्या दोन्ही बाजूंस ‘कँटिलिव्हर’ जातीचे ब्रेक असत. त्यांना वायर थोडीच ओढावी लागते, आणि शर्यतीच्या हँडलवरचे खटकेही वायर थोडीच ओढतात. त्यामुळे या दोघांचे जमते. १९९६ च्या सुमारास ‘व्ही-ब्रेक’ आले. त्यांना जवळजवळ दुप्पट वायर लागते. त्यांच्याशी शर्यतीचा खटका जोडला तर रबराचे ठोकळे रिमला अगदी खेटून ठेवावे लागतात. चाक केसभर जरी लचकले तरी ते घासतात, आणि मोकळे ठेवावे तर खटका हँडलला टेकतो तरी चाक थांबत नाही. यावर मधे बसविण्याची छोटी चाके निघाली आहेत, आखूड भुजांचे व्ही-ब्रेक निघाले आहेत, अधिक वायर ओढणारे वळलेल्या हँडलचे खटकेही मिळतात. यांपैकी तिसरा मार्ग मला प्रामाणिक वाटतो. पहिला म्हणजे अनुवादकाने अडलेल्या वाक्याखाली टीप देण्याचा प्रकार आहे.

गिअरचे काम मात्र सुरेख सुटते. हँडलच्या खालच्या टोकांत बोटभर लांबीचे खटके खोचतात. त्यांचा टकटक आवाजाचा ठराविक टप्पा बंद करून नुसत्या घर्षणावर चालविले की कोणत्याही मागच्या यंत्रणेशी ते जुळवून घेतात. चेन नीट बसली की नाही हे मग कानाने ठरवावयाचे. ज्याला हे जड वाटते त्याने या वाटेला जाऊ नये.

कारखानदारांपैकी एकाने हे सारे वाचन एकदा ऐन बाजारात मांडून पाहिले होते. ब्रिजस्टोन या जपानी कंपनीच्या अमेरिकेतील शाखेत ग्रँट पीटरसन हे गृहस्थ होते. १९८७ च्या ‘एमबी-१’ या पोलादी डोंगरी सायकलीला वळलेले हँडल दिलेले होते; पुढच्याच वर्षी तेथे सरळ दांडा आला. १९९० साली जॉन टोमॅक हा शर्यतपटू वळलेले हँडल घेऊन कोलोरॅडोतील ड्युरँगो येथील जागतिक स्पर्धेत उतरला, पण त्याचे कारण वेगळे होते : त्या वर्षी तो रस्त्यावरच्या व्यावसायिक संघातूनही खेळत होता आणि दोन्ही सायकलींवर शरीराची ठेवण एकच राहावी असा हेतू होता. त्याची सायकल निव्वळ पोलादाचीही नव्हती. आजचे हौशी लोक टोमॅकचेच छायाचित्र भिंतीवर लावतात. मला त्यापेक्षा ती एका वर्षाची ‘एमबी-१’ अधिक महत्त्वाची कृती वाटते. टोमॅकने एका माणसाची सोय पाहिली. ‘एमबी-१’ने हे रूप सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती द्यावयाचे धैर्य केले. ब्रिजस्टोनने १९९४ मध्ये अमेरिकेतला सायकलीचा व्यवसाय गुंडाळला.

आता ‘ग्रॅव्हल’ नावाच्या सायकली तयारच मिळतात : वळलेले फाकलेले हँडल, जाड टायर, वरचा दांडा मुळातच आखूड. मग जुन्या सांगाड्याशी झटापट कशाला? हा प्रश्न रास्त आहे, आणि नुसते लांबचे अंतर तोडावयाचे असेल त्याने सरळ ती विकत घ्यावी. पण त्या सायकलीत सांधा दिसत नाही. दोन जातींमध्ये नेमके काय आडवे येते, हे तिच्यावर बसून कळत नाही. जुनी सायकल हाती घेऊन स्टेमची लांबी मोजणाऱ्याला ते कळते.

एक पथ्य मात्र पाळावे. काही मंडळी नव्या वायरींसाठी जुन्या चौकटीवर डाग देऊन नवे अडकण बसवितात, नको असलेले कापून टाकतात. ते करू नये. स्टेम, हँडल, खटके, वायरी, हे सगळे उतरविता येते. वरचा बोल्ट सैल करून त्यावर हलका हातोडा मारला की स्टेम सुटतो, आणि पुढच्या मालकाला सरळ दांडा हवा असेल तर अर्ध्या दिवसात तो परत चढतो.