टाळी आणि मत

मराठी वाचकाला फिलिपिन्स हा देश ठाऊक आहे तो बहुधा मॅगसेसे या एका नावाने. १९५८ साली आचार्य विनोबा भावे यांना आणि १९८५ साली बाबा आमटे यांना जो पुरस्कार मिळाला, तो त्या देशाच्या एका दिवंगत राष्ट्राध्यक्षाच्या स्मृतिप्रीत्यर्थ दिला जातो, एवढे आपण शाळेतच पाठ केलेले असते. याउपर त्या सात हजारांहून अधिक बेटांच्या देशातील सामान्य माणूस संध्याकाळी कामावरून परतल्यावर कशात रमतो, कोणाच्या नावाने ओरडतो, याविषयी आपली जिज्ञासा बेताचीच. तो बास्केटबॉल पाहतो. आणि ज्यांच्या नावाने ओरडतो त्यांपैकी काहींना पुढे मतही देतो. या दोन क्रियांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न मनात धरून आम्ही दोन इंग्रजी ग्रंथ वाचले. त्यांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

हा प्रश्न आम्हांस पडावा याला एक खाजगी कारण आहे, ते आधीच सांगून टाकणे बरे. आम्ही केंद्र सरकारचे एक कारकून. बदलीमुळे कोलकात्यास येऊन पडलेले. १९६४ च्या वर्तणूक नियमांनी आमच्यासारख्यांस राजकीय चळवळीत भाग घेण्याची बंदी केली आहे. घसा मोकळा करावयाचा तर मैदानावरच; म्हणून आम्ही येथील फुटबॉलचे शौकीन झालो. १८ ऑगस्ट २०२४ रोजी मोहन बागान व ईस्ट बेंगाल यांचा सामना होणार होता आणि तिकीट आमच्या खिशात होते. एका तरुण स्त्री-डॉक्टरच्या हत्येने शहर त्या दिवसांत क्षुब्ध होते. बंदोबस्ताच्या कारणास्तव सामना रद्द झाला. तेव्हा दोन्ही संघांचे पाठीराखे, जन्माचे वैरी, एकत्र जमले आणि क्रीडांगणाबाहेर न्यायाची मागणी करू लागले. आमच्या शेजारी राहणारे निवृत्त शिक्षक, ज्यांना सारी गल्ली मास्तरमोशाय म्हणते, निघताना आमच्या दारी थांबले. “येताय ना?” एवढेच त्यांनी विचारले. आम्ही नियमाचे नाव सांगितले. ते काही बोलले नाहीत. रात्री परतले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. आमचा मात्र शाबूत होता. शौकीन आणि नागरिक ही एकाच माणसाची दोन नावे आहेत की दोन माणसे, हा विचार त्या रात्रीपासून आमचा पिच्छा सोडीना.

पहिला ग्रंथ रेफ बार्थोलोम्यू या अमेरिकन लेखकाचा ‘पॅसिफिक रिम्स’, २०१० साली प्रसिद्ध झालेला. नावात श्लेष आहे : ‘रिम’ म्हणजे महासागराचा काठ आणि बास्केटचे लोखंडी कडेही. लेखक २००५ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन मनिलास गेला आणि तेथेच रमला. दूध विकणाऱ्या एका कंपनीच्या ‘अलास्का’ या संघाबरोबर तो २००७ चा हंगामभर हिंडला. त्या हंगामात टिम कोन या प्रशिक्षकाच्या हाताखाली अलास्काने अजिंक्यपद मिळवले, त्यामुळे ग्रंथाला आपोआप एक कथानकही लाभले. गल्लीबोळांत, ओबडधोबड फळ्यांवर, पायांत साध्या रबरी चपला घालून खेळणारी माणसे त्याने मायेने पाहिली आहेत. खेळाडूंच्या खोलीतील गप्पा, पराभवानंतरचे मौन, परदेशातून भाडोत्री आणलेल्या खेळाडूचे एकाकीपण, हे सारे जिवंत उतरले आहे. खेळावरील लेखन म्हणजे धावफलकाचा विस्तार, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा.

तथापि एक शब्द आम्हांस सतत खटकत राहिला. ग्रंथाच्या उपशीर्षकातच फिलिपिनो माणसाच्या बास्केटबॉलप्रेमाला ‘अनपेक्षित’ म्हटले आहे. अनपेक्षित कोणाला? मनिलात १९१३ साली अतिपूर्वेकडील देशांच्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या आणि पुढील दोन दशकांत झालेल्या दहा स्पर्धांपैकी नऊ वेळा बास्केटबॉलचे विजेतेपद फिलिपिन्सनेच घेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा देश पाचवा आला. १९५४ साली रिओ येथील जागतिक स्पर्धेत तिसरा. ज्या घरात आजोबांपासून हा खेळ चालत आला, त्या घरातील नातवाचे प्रेम अनपेक्षित कसे? ते ठेंगण्या बांध्याच्या लोकांचे उंच माणसांच्या खेळावरील प्रेम आहे, म्हणून परक्याला गंमत वाटते. ही गंमत ग्रंथात शेवटपर्यंत पुरती मावळत नाही. लेखक प्रेम करतो, पण पाहुण्याच्या नजरेने.

दुसरा ग्रंथ त्या देशातीलच एका अभ्यासकाचा : लू अँतोलिहाव यांचा ‘प्लेइंग विथ द बिग बॉइज’, २०१५ सालचा. पहिला ग्रंथ जेथे नवल करतो तेथे हा कारण विचारतो. १८९८ मध्ये स्पेनची सत्ता जाऊन अमेरिकेची आली. तिच्यापाठोपाठ शाळा आल्या, ख्रिस्ती तरुण संघाचे शिक्षक आले आणि त्यांच्याबरोबर हा खेळ आला. राज्यकर्त्यांना त्यातून शिस्त रुजवायची होती. शासितांनी तो उचलला आणि आपला करून टाकला. देणारा एका हेतूने देतो आणि घेणारा दुसऱ्याच हेतूने घेतो, ही या ग्रंथातील जाणीव मोलाची आहे. क्रिकेट उराशी कवटाळून बसलेल्या आपल्या देशातील वाचकास ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मात्र येथे अडचण उलट बाजूने येते. विद्यापीठीय परिभाषेच्या दाटीत शौकीन हा सिद्धान्ताचे उदाहरण बनतो. सत्ता दिसते, प्रतिकार दिसतो. आवाज बसलेला माणूस दिसत नाही.

एका ग्रंथात प्रेम आहे, दुसऱ्यात सत्ता आहे. प्रत्यक्ष शौकिनाच्या आयुष्यात मात्र ही दोन्ही एकाच बाकावर शेजारी बसतात. ती कशी, हे इतिहासातील दोन-तीन प्रसंगांवरून पाहू.

१९७५ हे वर्ष घ्या. राष्ट्राध्यक्ष फर्दिनांद मार्कोस यांनी १९७२ मध्ये पुकारलेला लष्करी कायदा अंमलात होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये आशियातील पहिली व्यावसायिक बास्केटबॉल संघटना मनिलात सुरू झाली. आणि १ ऑक्टोबर रोजी केसॉन सिटीतील अरानेता कॉलिसियममध्ये महंमद अली व जो फ्रेझियर यांचे विख्यात मुष्टियुद्ध झाले. ते सकाळी झाले, कारण अमेरिकेत तेव्हा रात्र होती आणि दूरचित्रवाणीचे प्रेक्षक तिकडचे होते. आमचे राज्य सुखात आहे, हे मार्कोस यांना जगाला दाखवायचे होते. चौदा फेऱ्या ज्यांनी डोळ्यांनी पाहिल्या, त्यांनी काय पाहिले म्हणावे? हुकूमशहाची जाहिरात, की दोन माणसांचे अलौकिक धैर्य? दोन्ही. त्यांपैकी एकच पाहणारा समीक्षक अर्धा आंधळा होय.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. ऑक्टोबर १९८५. जिन विकणाऱ्या कंपनीचा ‘जिनेब्रा’ हा संघ गरिबांचा लाडका. रॉबर्ट जॅवोर्स्की हा त्याचा खेळाडू आणि प्रशिक्षकही. समोर ‘नॉर्दर्न कन्सॉलिडेटेड’ हा संघ. त्याच्या पाठीशी एदुआर्दो कोहुआंको, मार्कोस यांचे निकटचे स्नेही आणि धनाढ्य उद्योगपती. सामन्यात कोपर लागून जॅवोर्स्कीचा ओठ फाटला. त्याला इस्पितळात नेले, नऊ टाके पडले आणि तो पुन्हा मैदानावर आला. पिछाडीवर पडलेला संघ जिंकला. ‘हार मानायची नाही’ हे त्या संघाचे ब्रीद त्या रात्रीपासून रूढ झाले. विरोधी पक्षनेते बेनिग्नो अ‍ॅक्विनो यांची हत्या होऊन तेव्हा दोन वर्षे लोटली होती. चार महिन्यांनी, फेब्रुवारी १९८६ मध्ये, लोक रस्त्यावर उतरणार होते आणि मार्कोस देश सोडून जाणार होते. त्या रात्रीच्या आरोळ्यांत उद्याच्या क्रांतीचा नाद ऐकण्याचा मोह कोणासही होईल.

परंतु पुढचे ऐकल्यावाचून त्या मोहास बळी पडू नये. त्याच कोहुआंको यांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय संघाने जानेवारी १९८६ मध्ये क्वालालंपूर येथे आशियाई अजिंक्यपद जिंकले होते आणि स्पेनमधील जागतिक स्पर्धेत स्थान मिळवले होते. क्रांती झाली, आश्रयदाते मार्कोस यांच्याबरोबर परागंदा झाले, आणि संघ स्पेनला गेलाच नाही. ज्या महिन्यात नागरिक जिंकला त्याच महिन्यात शौकीन हरला, आणि दोघे एकाच सदऱ्यात होते. पुढे १९८७ मध्ये सान मिगेल या बलाढ्य कंपनीने जिनेब्राची मालकी मिळवली; १९९८ मध्ये त्या कंपनीच्या अध्यक्षपदी कोहुआंको परत आले. गरिबांचा संघ ज्याच्या संघाविरुद्ध रक्तबंबाळ होऊन जिंकला होता, त्याच्याच छत्राखाली गेला. १९९९ मध्ये त्याला ‘बरांगाय जिनेब्रा’ हे नाव मिळाले. बरांगाय म्हणजे त्या देशातील शासनाचा सर्वांत लहान घटक, आपल्या ग्रामपंचायतीसारखा. शासनाचा शब्द संघाच्या नावात बसला आणि कोणालाही तो उपरा वाटला नाही. शौकिनांनी संघ सोडला नाही. त्यांना कळत नव्हते असे आम्हांस वाटत नाही. मालक बदलतो म्हणून आठवण विकली जात नाही, एवढे ते जाणत असावेत.

आता मताकडे येऊ. १९९८ साली जॅवोर्स्की सिनेटवर निवडून आले; २००४ साली त्यांच्याच देशबांधवांनी त्यांना पुन्हा निवडले नाही. मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाव यांची कथा याहून नाट्यमय आहे. कीर्तीच्या ऐन भरात, २००७ मध्ये, ते लोकप्रतिनिधीच्या निवडणुकीत पडले; २०१० मध्ये जिंकले; २०१६ मध्ये सिनेटर झाले. त्यांची लढत चालू असताना मनिलाचे रस्ते ओस पडत. तरीही २०२२ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा त्यांना सुमारे ३६ लाख मते पडली आणि ते तिसरे आले. टाळी हीच जर मत असती तर निकाल वेगळा लागता.

येथवर वाचून, शौकीन हा सुज्ञ मतदार असतो, असा सुखद निष्कर्ष काढावा असे वाटेल. आमचीही लेखणी तिकडे वळू लागली होती. पण त्याच निवडणुकीत तीन कोटी दहा लाखांहून अधिक मते मिळवून कोण विजयी झाले? १९७५ ची ती लढत ज्यांच्या राजवटीत भरली, त्या मार्कोस यांचे चिरंजीव. आणि २०२५ मध्ये त्या चिरंजीवांच्याच आघाडीतून पॅकियाव पुन्हा सिनेटसाठी उभे राहिले व पडले. शौकिनाने आपल्या दैवतास राज्य दिले नाही. पण ज्यांना दिले त्यांच्या घराण्याचा इतिहास त्याला आठवला नाही, किंवा आठवूनही त्याने दिले. खेळ हे जनतेला गुंगविण्याचे साधन, हा सिद्धान्त येथे तोकडा पडतो. खेळ ही जनतेच्या बंडाची शाळा, हा सिद्धान्तही तितकाच तोकडा पडतो.

आमच्या मते खेळाचा शौकीन मैदानावर शिकतो ती निष्ठा, म्हणजे हरणाऱ्याला न सोडणे. हा गुण थोर आहे. पण मतपेटीपाशी तो पुरेसा नाही, प्रसंगी घातकही आहे, कारण तेथे सोडता येणे हाच गुण. एका माणसाला दोन्ही शिकावे लागते, आणि एक शिकल्याने दुसरे आपोआप येत नाही. हा पेच दोन्ही ग्रंथांच्या कडेला दिसतो. कोणत्याही एका ग्रंथाच्या केंद्रस्थानी मात्र तो येत नाही. बार्थोलोम्यू यांची माया आणि अँतोलिहाव यांची कारणमीमांसा ज्याच्यापाशी एकत्र असतील, असा एखादा मनिलाचा कारकून, बसचा वाहक किंवा शाळामास्तर आपले चरित्र लिहील तेव्हा तो ग्रंथ लिहिला जाईल. तोवर हे दोन ग्रंथ जोडीने वाचावेत; एकेकटे वाचू नयेत.

‘पॅसिफिक रिम्स’मधील प्रशिक्षक टिम कोन पुढे जिनेब्राकडे गेले, आणि २०२३ मध्ये हांगझौ येथील आशियाई स्पर्धांत त्यांच्या हाताखाली फिलिपिन्सने बास्केटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. १९६२ नंतरचे ते पहिलेच. एकसष्ट वर्षे वाट पाहणाऱ्या माणसाच्या निष्ठेला हसण्याचा अधिकार कोणत्याही सिद्धान्तास नाही. त्या वर्षांत सरकारे आली आणि गेली. तो बाकावरून उठला नाही.

आमचे ते तिकीट अजून कपाटात आहे. मास्तरमोशाय ते एकदा हाती घेऊन म्हणाले, “याचे पैसे परत मिळाले असते.” आम्ही ते मागितले नाहीत. ज्या दिवशी शौकीन रस्त्यावर उतरला आणि आम्ही घरी राहिलो, त्या दिवसाची ती पावती आहे, ती आम्ही जपून ठेवतो.